बिछान्याभोवती अकरा जण

आबा आमच्याकडे तीन महिन्यांसाठी आले आणि दहा महिने राहिले. फेब्रुवारीतल्या एका ओल्या सकाळी बाबा त्यांना विमानतळावरून घेऊन आले, तेव्हा त्यांच्या अंगात दोन स्वेटर होते, कानांवर मफलर होता, आणि हातातल्या कापडी पिशवीत आजीनं दिलेला गोडा मसाला, मेतकूट आणि लसणाची चटणी. ती पिशवी त्यांनी पूर्ण प्रवासात मांडीवरच ठेवली होती. आजी आली नाही. गुडघ्यांचं कारण होतंच, पण खरं कारण तिनं मला फोनवर सांगितलं होतं, "दोघंही निघालो तर घराला कुलूप लागेल. मला कुलूप लावलेलं घर आवडत नाही." आबांचं परतीचं तिकीट मे महिन्याचं होतं. मे आला तेव्हा विमानं उडतच नव्हती.

आम्ही तेव्हा नेदरलँड्समधल्या बेस्ट नावाच्या गावात राहायचो. ओळीतल्या बारा घरांपैकी मधलं आमचं. बाबा आइंडहोवनजवळच्या एका कंपनीत इंजिनियर होते, आई एका बँकेच्या आयटी विभागात. मार्चपासून दोघंही घरूनच काम करायला लागले आणि घर एकदम लहान झालं. माळ्यावर बाबांचं ऑफिस, जेवणाच्या टेबलावर आईचं, आणि माझ्या खोलीत माझी शाळा. आई मीटिंगमध्ये असली की कुकरची शिट्टी होण्याआधी धावत जाऊन गॅस बंद करायची, त्यामुळे त्या वर्षी आम्ही बराच कच्चा वरणभात खाल्ला. आबांना मात्र बसायला जागाच उरली नव्हती. ते मागच्या बागेच्या पायरीवर बसून राहायचे. एरवी विमानतळाकडे उतरणारी विमानं आमच्या डोक्यावरून जायची; आता चर्चची घंटा आणि कुणाचं तरी गवत कापायचं यंत्र, एवढेच आवाज. तेही आबांना ऐकू यायचे नाहीत.

कान कामानं गेले होते. आबांनी चाळीस वर्षं पुण्यात भांड्यांवर नावं घातली. भांड्यांच्या दुकानाबाहेर पायरीवर बसायचे, मांडीवर पातेलं, हातात बारीक छिन्नी आणि लहानशी हातोडी. 'चि. सौ. कां. अमुक हिला मामाकडून', 'कै. तमुक यांच्या स्मरणार्थ'. टिंबाला टिंब जोडून अक्षर. दिवसभर स्वतःची ठोकठोक आणि आजूबाजूच्या दहा दुकानांची. पुढं नावं घालायचं विजेचं यंत्र आलं आणि ते घरी बसले, पण तोवर कान गेलेच होते. बाबांना आपल्या वडिलांच्या या धंद्याविषयी सहकाऱ्यांसमोर बोलायला आवडायचं नाही, हे मला फार नंतर कळलं. मला तेव्हा तो धंदाच माहीत नव्हता. मी पाच वर्षांची असताना आम्ही इथं आलो. घरात मराठी कळायचं, पण तोंडातून डच यायचं. आज मी हे मराठीत लिहिते आहे ते केवळ त्या दहा महिन्यांमुळे. आबांना डच येत नव्हतं, इंग्रजी येत नव्हतं, आणि ओरडून बोलावं लागायचं. ओरडून बोलायचं तर वाक्य आधी मनात पक्कं असावं लागतं.

रोज दुपारी बाराला आजीचा व्हिडिओ कॉल. फोन मी धरायचे, आजी बोलली की मी ते आबांच्या कानाशी पुन्हा ओरडायचे.

"काय जेवलात?"

"आबा, आजी विचारतेय काय जेवलात!"

"सांग तिला, पोळी होती. जाड होती."

"मी ऐकलं," आजी म्हणायची. "त्यांना ऐकू येत नाही, मला येतं. सुनेला काही बोलू नका म्हणावं." मग दोघं थोडा वेळ एकमेकांकडे नुसती बघत बसायची. मला कंटाळा यायचा. माझा हात दुखायचा.

जूनमध्ये एके दिवशी आबांनी आईचे स्टीलचे सगळे डबे बागेत नेले आणि एक खिळा घासून त्यानं डब्यांवर नावं घालायला सुरुवात केली. कुणी सांगितलं नव्हतं. तिसऱ्या डब्याला कुंपणापलीकडून शेजारच्या बाईंनी डोकावून पाहिलं. त्यांचं नाव तिनेके. सत्तरीच्या, एकट्या, शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या. आम्ही सात वर्षं शेजारी होतो आणि 'हाय' पलीकडे कधी बोललो नव्हतो. त्यांनी मला विचारलं, "तुझे आजोबा काय करतायत?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "दीड मीटर अंतर ठेवून त्यांना माझ्या शेडमध्ये घेऊन ये. दार उघडं ठेवू."

शेडमध्ये तांब्याचे पत्रे होते, शाईचे डबे होते, आणि मध्ये ऊस पिळायच्या चरकासारखं एक लोखंडी यंत्र. भिंतीवर काळ्या चौकटीत वहीच्या पानाएवढं एक चित्र. मोठा छताचा पलंग, त्यावर एक बाई निजलेली, भोवती दाढीवाले पुरुष, पुढं एक उंच समई. आबांनी चष्मा वर केला आणि नाक काचेला टेकेल इतके जवळ गेले. बराच वेळ तिथंच राहिले.

"हे ठोकलेलं नाही," ते म्हणाले. "आम्ही ठोकतो. ह्यानं ढकललंय. बघ, रेघ बारीक सुरू होते, पोटात फुगते, पुन्हा बारीक होते. हात कुठं थांबला तेही दिसतंय."

मी हे तिनेकेंना डचमध्ये सांगितलं तेव्हा त्या हसल्या नाहीत. त्यांनी कपाटातून लाकडी मुठीची, तिरक्या टोकाची एक पोलादी सळी काढली आणि टेबलावर ठेवून मागं सरकल्या, म्हणजे आबांना ती उचलता येईल. तिला बुरैन म्हणतात. मूठ तळहातात रुतवायची आणि ढकलायचं. गोलाई हवी असली तर हात नाही, डाव्या हातानं पत्राच फिरवायचा. मग रेघांत शाई भरायची, वरची पुसून टाकायची आणि ओला कागद ठेवून यंत्रातून काढायचा. भिंतीवरचं चित्र साडेपाचशे वर्षांपूर्वी कुणा जर्मन माणसानं असंच कोरलं होतं, आणि तिनेकेंकडची त्याची पुष्कळ नंतरची नक्कल होती. त्या म्हणाल्या, "हे काम पहिल्यांदा सोनारांनीच सुरू केलं. पेल्यांवर, डब्यांवर नक्षी कोरणारे लोक. देवाधर्माची चित्रं करायचे, कारण तीच विकली जायची. जत्रेला आलेला माणूस एक विकत घ्यायचा आणि घरी भिंतीला डकवायचा."

"म्हणजे भांडीवालेच," आबा म्हणाले. आमच्या घरी आल्यापासून मी त्यांना इतकं खूश पाहिलं नव्हतं.

तो सगळा उन्हाळा ते तिनेकेंच्या शेडमध्ये होते. दोघांना एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता. मी दुभाषी म्हणून जायचे, पण जुलैपर्यंत माझी गरज निम्मी झाली. तिनेके त्यांचं कोपर धरल्यासारखं करायच्या, दुरून, हवेतच. आबा कोपर खाली घ्यायचे. सुरुवातीला बुरैन घसरायची आणि त्यांच्या डाव्या अंगठ्याला सतत पट्टी असायची. चार वाजता तिनेके कॉफी आणि मसाल्याचा तपकिरी केक आणायच्या. आबांनी एकदा त्यावर लसणाची चटणी घालून खाल्ला आणि त्यांनाही दिला. त्यांनी खाल्ला.

सप्टेंबरात माझी शाळा पुन्हा सुरू झाली. एका सोमवारी मी सायकल लावत होते तर बाबा दारातच उभे होते.

"मुक्ता, आत ये. आबांना काही बोलू नकोस. आजीला दवाखान्यात ठेवलंय."

पुण्यात तेव्हा खाटा मिळत नव्हत्या. आत्याला, म्हणजे बाबांच्या बहिणीला, दोन दिवस फोन करून करून एक मिळाली होती. ती स्वतःही पॉझिटिव्ह होती, घरातच बंद. आई स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती. ती म्हणाली, "सांगायला हवं त्यांना. त्यांची बायको आहे ती."

"सांगून काय करतील? विमानात बसवू? बायपास झालेला माणूस आहे. पोचले तरी आत सोडणार नाहीत त्यांना. नुसते इथं तडफडत बसतील. दोन दिवसांत बरी झाली की सांगू."

बाबा वाईट माणूस नव्हते, हे मला इथं लिहून ठेवायचं आहे. ते आठवडाभर झोपले नाहीत. दर तासाला आत्याला फोन, आत्याकडून ऑक्सिजनचा आकडा, तो आकडा ते एका कागदावर लिहून ठेवत. दुसऱ्या दिवशी शाळेला दांडी मारून मी घरी होते. बारा वाजता आबा नेहमीसारखे केस विंचरून सोफ्यावर बसले. बाबांनी जिन्यातून माझ्याकडे पाहिलं.

"आबा, आजीचा फोन बिघडलाय!"

"अं?"

"फोन! बिघडलाय! दुकानं बंद आहेत!"

"पाण्यात पाडला असेल," आबा म्हणाले. "कमरेला खोचून भांडी घासते." आणि उठून तिनेकेंकडे गेले.

बुधवारी तिनेकेंनी मला हाक मारली. आबांना काहीतरी विचारायचं होतं आणि खुणांनी जमत नव्हतं. आबा भिंतीवरच्या चित्रासमोर उभे होते. म्हणाले, "हिला विचार, ही बाई कोण आणि हे सगळे कोण. मी मोजले. अकरा आहेत."

तिनेके सांगत गेल्या, मी मराठीत ओरडत गेले. ती बाई म्हणजे मेरी, येशूची आई. ती म्हातारी झाली आणि तिचा शेवट जवळ आला. तिच्या मुलाचे बारा शिष्य तेव्हा जगभर पांगलेले होते. कुणी कुठं, कुणी कुठं. तिनं मागणं मागितलं की जाण्याआधी मला सगळ्यांना एकदा पाहू दे.

"मग?" आबा म्हणाले.

"मग ढग आले, आबा. जो जिथं होता तिथून ढगानं त्याला उचललं आणि तिच्या दाराशी आणून सोडलं."

"आणि बारावा?"

मी तिनेकेंना विचारलं. त्या म्हणाल्या, "थॉमस. तो फार लांब होता, भारतात. तो पोचला तेव्हा सगळं होऊन गेलं होतं."

आबा माझ्या तोंडाकडे बघत होते. ऐकू न येणारी माणसं बघतात तसे, ओठांकडे. तिनेकेंना वाटलं मला शब्द सुचत नाही, म्हणून त्यांनी ते वाक्य पुन्हा, सावकाश म्हटलं. मी आबांना म्हटलं, "तिला माहीत नाही. बाराव्याचं काही माहीत नाही." आणि शाळेचं काम आहे सांगून घरी पळाले.

गुरुवारी संध्याकाळी माळ्यावर बाबांचा फोन वाजला. मी जिन्यात होते. दवाखान्यातल्या एका नर्सनं स्वतःच्या फोनवरून व्हिडिओ लावला होता. दाराच्या फटीतून मला बाबांचा स्क्रीन दिसला. आजीच्या तोंडावर मास्क, मागं हिरवा पडदा, आणि पांढऱ्या पोशाखातला नर्सचा हात. आजीचा आवाज तुटत होता, पण आजीचाच होता. बाबा म्हणत होते, "आई, तू बोलू नकोस. आबा झोपलेत. त्यांना उठवत नाही." आबा खाली टीव्हीसमोर जागे होते. आजी काहीतरी म्हणाली. बाबा पुन्हा म्हणाले, "उद्या, आई. उद्या नक्की."

शनिवारची रात्र संपता संपता ती गेली. रविवारी सकाळी बाबा खाली आले, आबांसमोर गुडघ्यांवर बसले आणि म्हणाले, "आबा, आई गेली. घरीच. रात्री झोपेत गेली."

"अं?"

"झोपेत!"

"कुठं?"

"घरी! झोपेत! काही त्रास झाला नाही!"

ते खोटं बाबांना तीनदा, ओरडून सांगावं लागलं. तिसऱ्यांदा त्यांचा आवाज फाटला. आबांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला.

अंत्यसंस्कार पालिकेच्या लोकांनी केले. आत्या घरातच बंद होती, तिला लांबून पाहताही आलं नाही. बाबांनी सगळ्या नातेवाइकांना आधीच बजावलं होतं, त्यामुळे जे फोन आले त्यांत सगळ्यांनी झोपेतल्या मरणाचं कौतुक केलं. पुण्यवान होती म्हणाले. आबांनी चहा सोडला. तिनेकेंनी दाराशी सुपाचं पातेलं ठेवलं आणि घंटा वाजवून दूर जाऊन उभ्या राहिल्या.

दोन आठवड्यांनी आबा पुन्हा शेडमध्ये जायला लागले. आता ते मोठा पत्रा घेऊन बसले होते. मी आठ दिवस गेलेच नाही. अभ्यास आहे म्हणायचे. मग तिनेके घरी आल्या आणि म्हणाल्या, "येऊन बघ. फार सुंदर करतायत."

खरंच सुंदर होतं. त्यांची पुण्यातली खोली होती. लोखंडी खाट, कपाट, खिडकीचे गज. खाटेवर आजी कुशीवर झोपलेली, पायांवर चादर. आणि भोवती आम्ही. आत्या, बाबा, आई, आजीच्या उशाशी स्वतः आबा. माझी फक्त वेणी झाली होती, तोंड व्हायचं होतं. भिंतीवरच्या चित्रातल्यासारखेच सगळे वाकून तिच्याकडे बघत होतो. आबा म्हणाले, "इथं बस. नीट समोर बघ. तुझं तोंड काढतो."

मी बसले. त्यांनी बुरैन उचलली, पत्र्याला टेकवली.

"आबा, तसं नव्हतं," मी म्हटलं.

"अं?"

मला ते ओरडावं लागलं. आयुष्यात मी इतकं मोठ्यानं काही बोललेले नाही. आबा, तसं नव्हतं. ती घरी नव्हती. दवाखान्यात होती, सहा दिवस. मला माहीत होतं. तिचा फोन बिघडला नव्हता. तिनेके दारापाशी उभ्या होत्या. त्यांना शब्द कळले नाहीत, पण त्या बागेत निघून गेल्या.

आबांनी बुरैन खाली ठेवली. चिडले नाहीत, रडले नाहीत. म्हणाले, "पहिल्या दिवसापासून सांग."

मी सांगितलं. सोमवार, खाट कशी मिळाली. मंगळवार, ऑक्सिजनचा आकडा. बुधवारी तिनं दोन घास खिचडी खाल्ली होती, असं आत्यानं सांगितलं होतं. आबा प्रत्येक दिवसाला थांबवायचे, "आणि संध्याकाळी?" मला जे ठाऊक नव्हतं तिथं मी ठाऊक नाही म्हणायचे. गुरुवारपाशी येऊन मी अडले.

"गुरुवारी काय?"

"तिनं फोन केला होता. बाबांनी सांगितलं तुम्ही झोपलात."

"काय म्हणाली ती? नेमकं सांग. तिच्याच शब्दांत."

"ती म्हणाली, मला बोलवत नाही, त्यांना ऐकू येत नाही. नुसता फोन समोर धरा म्हणावं."

आबांना ऐकू आलं होतं, मला खात्री आहे, तरी ते म्हणाले, "पुन्हा." मी पुन्हा म्हटलं. ते थोडंसं हसले, अगदी ती समोर बसून बोलली असती तर हसले असते तसं, आणि मग त्यांचं तोंड वाकडं झालं आणि ते दोन्ही हातांत चेहरा घेऊन बसले. शाईच्या हातांत. मी उठून त्यांच्याजवळ जायला हवं होतं. दीड मीटरचा नियम घरच्यांना नव्हता. मी बसूनच राहिले.

त्यानंतर आठवडाभर ते माझ्याशी कामापुरतं बोलले. मी त्यांना दोष देत नाही. तो पत्रा त्यांनी पालथा केला आणि मागच्या बाजूनं नवं कोरलं. मला एकदाच विचारलं, पडदा कुठपर्यंत होता आणि नर्सच्या तोंडावर काय होतं. तिनेकेंनी त्याचे तीन कागद काढले. खाट, मास्क लावलेली बाई, आणि शेजारी पायापासून डोक्यापर्यंत झाकलेलं एक माणूस, हातात फोन धरून. चेहरा नाही, डोळेही नाहीत. बाकी सगळा कागद पांढरा. तिनेकेंनी माझ्यामार्फत विचारलं, "बाकीची माणसं का नाही काढली?"

"नव्हती म्हणून," आबा म्हणाले.

डिसेंबरात खास विमानं सुटायला लागली होती तेव्हा त्यांनी स्वतःच हट्ट धरला आणि ते गेले. आदल्या दुपारी मी त्यांची बॅग भरत होते, तेव्हा त्यांनी दार लावून घेतलं.

"तुझ्या बापाला सांगू नकोस मला कळलंय ते."

"का?"

"त्यानं ते माझ्यासाठी केलंय. वाया गेलं असं त्याला वाटायला नको."

पुढं चार वर्षं ते पुण्यात एकटे राहिले. बाबा दर रविवारी फोन करायचे. त्यात आजीचा विषय निघाला की आबा म्हणायचे, "झोपेत गेली, सुटली." बाबा म्हणायचे, "हो ना." मी बाजूला बसलेली असायचे.

आबा गेले, तिनेके गेल्या, आई गेली. गेल्या वर्षी बाबा आल्मेरेला माझ्या घरी होते, शेवटच्या दुखण्यात. एका दुपारी मी त्यांना भात भरवत होते. त्यांनी मध्येच माझं मनगट धरलं. "मुक्ता, आबांना कधी कळलं का गं? माझ्या आईचं?"

माझं मराठी तोवर त्यांच्यापेक्षा बरं झालं होतं. कितीतरी वाक्यं तोंडाशी आली.

"नाही बाबा," मी म्हटलं. "कधीच नाही."

त्यांनी मनगट सोडलं आणि पुढचा घास घ्यायला तोंड उघडलं.